लव्होनियाचं चावट गाणं

लव्होनिया टेट तरुणपणी रविवारी आमच्या चर्चमध्ये भजनं म्हणायची आणि शनिवारी मेम्फिसच्या क्लबात प्रेमाची गाणी. म्हणून रेव्हरंड क्रेनशॉ यांनी तिला चर्चमधून हाकललं. पुढे तिचा आवाज देशभर रेडिओवर गाजला. परवा ती गेली, आणि तिच्या शवपेटीशेजारी उभं राहून तेच रेव्हरंड सांगू लागले, "या पोरीला गायला मीच शिकवलं!"

पहिल्या बाकावरून तिची बहीण आयडेला माझ्याकडे वाकली. "ऐकलंस का गं? थापा मारतोय म्हातारा! वाजव तिचं ते चावट गाणं."

मी ऑर्गनवर होते. ते गाणं मी इतकं संथ धरलं, की भजनच वाटावं. लोकांनी मात्र लगेच ओळखलं. बायकांनी हातातले पंखे तोंडावर धरले. रेव्हरंडांना काहीच कळलं नसावं, ते डोळे मिटून म्हणाले, "उठा मंडळी, सगळे मिळून गाऊ या!"

पहिलं कडवं आम्ही हसू दाबत कसंबसं म्हटलं. दुसऱ्या कडव्याचे शब्द कुणालाच आठवेनात, म्हणून सगळे गप्प झाले. रेव्हरंड एकटेच गात राहिले. अगदी 'दिवा मालव ना राजा'पर्यंत एक शब्द चुकला नाही.

"अगं बाई! याच्याकडे रेकॉर्ड आहे वाटतं," आयडेला मोठ्यानं म्हणाली.

रेव्हरंडांनी ओले डोळे उघडले. "तिच्या सगळ्या आहेत. आता बडबड थांबव आणि तिसरं कडवं उचल."