न उठणारे अंगठे

मास्तरांनी चौथ्यांदा अंगठा काचेवर दाबला आणि चौथ्यांदा मशीनचा लाल दिवा लागला.

"जन्मभर पोरांना सांगत आलो, शिका, नाहीतर अंगठेबहाद्दर व्हाल," निवृत्त मास्तर म्हणाले. "आता पेन्शनला अंगठाच लागतो, तर हे मशीन मलाच अंगठा दाखवतंय."

खिडकीमागची बाई हसली. सहा वर्षं ती लोकांचे अंगठे घेत होती, म्हणून सगळे तिला अंगठाताईच म्हणायचे. अंगठा उठला नाही की तिचा उपाय ठरलेला.

"पंपावर हात धुऊन या, मास्तर. दोन घोट पाणीही प्या. ऊन केवढं आहे."

कचेरीच्या आवारातल्या हातपंपाचं पाणी गोड म्हणून नावाजलेलं होतं. मागची अख्खी गल्ली तेच भरायची. ताईच्या घरचा नळ खारट, त्यामुळे तीही रोज संध्याकाळी एक कॅन भरून न्यायची. लेक तान्ही असताना तिच्या दुधाची पावडरही याच पाण्यात कालवली गेली होती, तेही उकळून, दुहेरी फडक्याने गाळून. लेकीच्या बाबतीत ताई कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

मास्तर दाराशी पोचतात तोच आरोग्य कार्यालयातल्या डॉक्टरीणबाई आत आल्या. गेल्या आठवड्यात त्यांनी पंपाच्या पाण्याची बाटली तपासायला नेली होती.

"पाणी पिऊ नका," त्या म्हणाल्या आणि मास्तरांचे दोन्ही हात त्यांनी उजेडात धरले. दोन्ही तळव्यांवर मोहरीएवढे टणक दाणे होते.

"खडू धरून धरून झालंय ते," मास्तर म्हणाले.

"दोन्ही हातांनी लिहायचात?"

डॉक्टरीणबाई खिडकीकडे वळल्या.

"ज्यांचे अंगठे उठत नाहीत, त्यांची यादी असेल ना तुमच्याकडे?"

ताईने वही पुढे केली. शेरा प्रत्येकापुढे एकच, तिच्याच वळणदार अक्षरात: हात राठ, कष्टाचे. डॉक्टरीणबाईंचं बोट पत्त्यांवरून खाली सरकत गेलं. जवळजवळ सगळे मागच्या गल्लीतले. एका नावापाशी ते थांबलं.

"या आजींपुढे 'घरी जाऊन' असंही लिहिलंय."

"त्या अंथरुणाला खिळल्यात. मशीन घेऊन मीच गेले होते."

"अंथरुणावरच्या माणसाचे हात कोणत्या कष्टाने राठ होतात, ताई?"

सहा वर्षांत हा प्रश्न आपल्याला पडला कसा नाही, याची ताईला लाज वाटली.

"पाण्यात आर्सेनिक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमिनीतूनच येतं. त्याला वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी तळहातांवर, तळपायांवर दिसतं. पुढे कॅन्सरपर्यंतही जाऊ शकतं. आजपासून पंप बंद."

"पण मी उकळून देते," ताई एकदम म्हणाली. कुणाला, ते तिने सांगितलं नाही.

"उकळून ते जात नाही. पाण्याची वाफ होते, ते खालीच राहतं. उलट दाट होतं."

डॉक्टरीणबाई पंपाच्या दांड्याला साखळी लावायला बाहेर गेल्या. मास्तर बाकावर बसून दोन्ही तळवे न्याहाळत राहिले. ताईने वही मिटली, पुन्हा उघडली. किती जणांना आपण दोन घोट प्या म्हणालो, ते त्या वहीत कुठेच नव्हतं.

साडेचारला शाळा सुटली. लेक नेहमीसारखी दप्तर नाचवत आवारात शिरली आणि सवयीने थेट पंपाकडे धावली.

"हात लावू नकोस!"

ताईचा असा आवाज पोरीने कधी ऐकला नव्हता. ती जागच्या जागी उभी राहिली. ताई धावत गेली, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिची मूठ उलगडून तळव्यावरून अंगठा फिरवू लागली. खरखर लागत होती. पुन्हा फिरवला. पुन्हा खरखर.

"आई, नको ना. तुझं बोट टोचतंय."

ताईने स्वतःचा अंगठा पाहिला. खरखर लेकीच्या हाताची की या अंगठ्याची, हे अंगठ्याला कळणार नव्हतं. मग तिने लेकीचा तळवा उचलून आपल्या गालाला लावला आणि डोळे मिटून घेतले.