चार घरांचं वायफाय

फाईल पुन्हा अर्ध्यावर तुटली, तेव्हा माझ्या नातीनं, रूपालीनं, ती पहिल्यापासून पुन्हा धाडायला लावली.

दुपारी चारला पुण्याच्या एका कंपनीतले लोक व्हिडिओ कॉलवर येणार होते. तिनं स्वतः बनवलेला गेम टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यावर चालवून दाखवायचा होता. दाखवला तर नोकरी. त्या जुन्या डब्याला तो बनवणाऱ्यांनी घातलेलं कुलूप तिनं खटपट करून काढलं होतं, म्हणून आपण बनवलेले गेमही त्यावर चालत. डब्याची पेन ड्राईव्हची खाच निकामी झालेली. लॅपटॉपवरून फाईल धाडायची ती वायफायवरूनच. सकाळी गेममध्ये चूक सापडली आणि आता दुरुस्त केलेली फाईल जाता जात नव्हती.

"जागा हाय. डबा गरम न्हाई. पत्ता बराबर टाकलाय," ती स्वतःशीच म्हणाली. मी पुस्तक हातात धरून दाराशी उभा होतो. मला यातलं कळत नाही. जे कळतं त्याचीही खात्री नसते.

तिनं मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं. "आबा, आपल्या वायफायवर हे इतके मोबाईल कोणाचे?"

मी चष्मा पुसू लागलो.

"पासवर्ड कोणाला दिला?"

"शेजारच्या गोजरबाईंना. मग त्यांच्या वरच्यांना. मग समोर... त्यांनी मागितला गं."

"अन् तुम्ही दिला. म्हणून गुदमरून राह्यलंय ते. बदलते पासवर्ड, सगळे बाहेर."

"थांब," मी म्हणालो. "गोजरबाईंच्या नातीचं बारसं आहे, सुरतला. मोबाईलवर बघतायत. त्यांच्या घरात रेंज येत नाही."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. "मंग तुम्ही जाऊन सांगा. जल्दी."

मस्तगडच्या आमच्या बोळात घराला घर लागून आहे, तरी तेवढ्या अंतरात मी सांगायचं वाक्य तीनदा बदललं. गोजरबाईंच्या दारात चपलांचा ढीग होता. आत बायका तांब्याला टेकवलेल्या मोबाईलभोवती बसल्या होत्या.

"या काका. सरका गं, त्यांचंच वायफाय हाय," गोजरबाई म्हणाल्या. कोणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी बसलो. बसायला नको होतं.

पडद्यावरचा पाळणा मधेच थिजला. पलीकडे रूपालीनं पुन्हा प्रयत्न केला असणार. इथं पाळणा अडला, तिथं फाईल.

"गोजरबाई," मी म्हणालो. बायकांच्या गलक्यात ते विरून गेलं. पुन्हा म्हणालो, "हे बंद करावं लागेल. सगळ्यांनी. रूपालीची नोकरी आहे त्यावर."

"ऐन नाव ठेवायच्या वक्ताला?" त्यांची जाऊ म्हणाली. "काकांनी मुहूर्त बरा काढला."

गोजरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पेढ्याकडे.

"गप गं," त्या जावेला म्हणाल्या. "आजवर कधी हूं का चूं केलं न्हाई त्यांनी. बोलले म्हणजे खरंच अडलंय." मग मुलाशी बोलायला त्या मोबाईलवर वाकल्या. "भागवत, ऐकू येतं का? पाळण्याची गाणी मागून म्हणा. आत्याला म्हणावं, आधी कानात नाव सांग."

चित्र हललं. आत्या वाकली, तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या पडल्या. मुलीचं नाव तेजल ठेवलं. बायकांनी मोबाईल बंद केले. वरच्या मजल्याला आणि समोरच्या घराला गोजरबाईंनी दारातूनच हाका मारल्या.

मी त्यांच्या पायरीवर येऊन बसलो. बराच वेळ काही ऐकू येईना. मग भिंतीपलीकडून रूपालीचा आवाज आला, "फाईल पोचली, आबा. आता कॉल हाय. तिथंच थांबा, कोणाला चालू करू देऊ नका."

थोड्या वेळानं तिचं जपून बोललेलं इंग्रजी आणि गेमचं संगीत ऐकू येऊ लागलं.

एवढ्यात गोजरबाईंचे यजमान मच्छिंद्रराव कामावरून आले. चपला काढता काढता त्यांनी मोबाईल बाहेर काढला. "काय काका, आमच्याच दारात पहारा? सरका, नातीला बघू द्या."

"नाही," मी म्हणालो.

ते हसले. मी हसलो नाही. त्यांचं बोट पडद्यावर होतं. मी त्यावर हात ठेवला. असा कुणाचा हात मी कधी धरला नव्हता.

"अहो, आमची नात हाय ती."

"हो. आणि ही माझी."

संगीत थांबलं. तुटलं की संपलं, मला कळेना. मच्छिंद्ररावांनीही भिंतीकडे कान लावला. मग पलीकडे लॅपटॉपमधून कंपनीतलं कुणीतरी मराठीत म्हणालं, "पुन्हा एकदा खेळून दाखवाल का? आमच्या सरांना बोलावतो."

मी हात काढला नाही. मच्छिंद्रराव पायरीवर माझ्या शेजारी टेकले.