पायरी दाखवणारी पिवळी पट्टी

मी चिकटपट्टी बोलतेय. पिवळीधमक, अख्खा रोल. डोळ्यांत खुपते म्हणता? माझं कामच ते आहे.

एक वायरमन मला विसरून गेला आणि मी साफसफाईच्या मावशींच्या हाती लागले. जागा कुठली, तर डोळ्यांचा दवाखाना. नवाकोरा. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी आणि बाहेरच्या दाराअलीकडे एक पायरी, तीही पांढरी. धडधाकट डोळ्यांना दिसत नव्हती. मग डोळ्यांत थेंब घालून निघालेल्यांना काय दिसणार, कप्पाळ.

पहिल्याच आठवड्यात सहा जण धडपडले. सातव्याला मावशींनी दंडाला धरून सावरलं आणि माझा हातभर तुकडा टर्रकन फाडून पायरीच्या कडेला चिकटवला. त्या दिवशी कुणी अडखळलं नाही. मी अशी फुगले की विचारू नका.

संध्याकाळी डिझाइनर साहेब आले. दवाखाना त्यांनीच सजवलेला. जेवणात झुरळ निघाल्यासारखं तोंड झालं त्यांचं.

"हे काय लावलंय?"

"पायरी दिसत नाही, साहेब."

"सगळं सलग दिसायला हवंय मला."

"सलग दिसतं म्हणूनच पडतात ना लोक."

साहेबांनी नखानं खरवडून तुकडा काढला. मावशींनी सकाळी दुसरा लावला. तोही गेला. तिसरा तुकडा लावला, तेव्हा दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी मावशींना आत बोलावलं. "मावशी, पुन्हा पट्टी दिसली तर उद्यापासून येऊ नका."

घर मावशींच्या एकटीच्या पगारावर. त्यांनी मला खिशात कोंबलं आणि स्वतःच पायरीपाशी उभ्या राहिल्या. "जपून, पायरी आहे. बाबा, खाली बघा. ताई, हात द्या." एका हातात झाडू, दुसरा लोकांसाठी मोकळा.

एका मंगळवारी डॉक्टरबाईंनी त्यांना वर बोलावलं. काचेवर बोटांचे ठसे उठले होते, ते पुसायला. अर्धी काच पुसून झाली आणि खालून धप्पकन आवाज आला. एक आजोबा, मोतीबिंदू तपासून निघालेले. लेकीचा हात धरला होता, पण पायरी तिलाही दिसली नव्हती. खुबा मोडला. आजोबा अंथरुणातून उठलेच नाहीत. महिन्याभरात गेले.

सगळ्यांचा एकच प्रश्न, "मावशी जागेवर का नव्हत्या?"

"माझी जागा पायरी होती, हे मला कधी सांगितलंत?" मावशी म्हणाल्या. मावशींना तेवढं काढून टाकलं.

मावशी आपला डबा न्यायला परत गेल्या, तेव्हा पायरीच्या कडेला पितळेची पट्टी बसली होती. बारीक, चकचकीत, लांबून दिसणारी. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा देखणी. मावशींनी वाकून तिच्यावरून अंगठा फिरवला. साहेब तिथंच उभे होते.

"छान झालीय, साहेब. हे सुचायला किती वेळ लागला?"

साहेब फोन बघत राहिले.

आता मी मावशींच्या फळीवर पडून आहे. त्यांना अजून काम नाही, आणि माझा गोंद वाळत चाललाय. तुम्ही कुठं नवी इमारत बांधली, तर फोटो काढायच्या आधी झाडू मारणाऱ्या बाईला एकदा आतून चालवा. ती जिथं थबकेल, तिथं काहीतरी लावा. देखणं मिळेपर्यंत मी आहे. फार दिवस नाही.