धिंगरीच्या तंबूतला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पण मला छतावर शोधू नका. कुणाला वारा घालणं हे माझं काम नाही, कोंडलेली हवा घराबाहेर नेणं हे माझं काम. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात मी तयार झालो. नंतर नारायण पेठेत यज्ञेश्वरकाकांच्या दुकानात बरेच महिने खोक्यात पडून होतो, कारण येणाऱ्या प्रत्येकाला मोठा पंखा हवा असायचा.

तेव्हा पुण्यात आयटीची भरभराट होती आणि वाघोलीत उंच इमारती उभ्या राहत होत्या. तिथे सातव्या मजल्यावर भाग्यश्री आणि तिचा नवरा आनंद राहत. दोघंही संगणकाच्या नोकरीत. वडील गेल्यावर भाग्यश्रीने आपल्या आईला, मुक्ताबाईंना, भंडाऱ्याहून इथे आणलं होतं. जन्मभर शेतात राबलेल्या मुक्ताबाईंना बंद दाराआड दिवस सरेना. मला गावी पोचवून द्या, असं त्या म्हणू लागल्या. गावात आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून भाग्यश्रीने घरातच शेती आणली: खिडकीजवळ कपाटाएवढा काळ्या कापडाचा तंबू आणि आत धिंगरी अळिंबीसाठी, म्हणजे एका जातीच्या मशरूमसाठी, ओल्या पेंढ्याच्या पिशव्या.

आनंदने तंबूला एक दणकट पंखा बसवला. त्याने इतकी हवा ओढली की तंबूच्या भिंती आत खेचल्या गेल्या आणि कोवळे कोंब वाळून गेले. पुढच्या खेपेला पंखा बंदच ठेवला, तर ताज्या हवेवाचून लांबलचक दांडे आले आणि वर बटणाएवढ्या छत्र्या. मुक्ताबाईंनी गावी जायला कपडे भरायला घेतले.

मग भाग्यश्री तंबूचं माप घेऊन दुकानात आली आणि तिने लहान, हळू चालणारा पंखा मागितला. यज्ञेश्वरकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "कमी जोराचा पंखा मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहिलं. बाकीच्यांना घर उडवायचं असतं."

तिने मला तंबूत वरच्या बाजूला बसवलं, हवा बाहेर सोडणारा माझा नळ खिडकीबाहेर काढला आणि ताजी हवा आत यावी म्हणून खाली जाळी लावलेलं भोक ठेवलं. मी संथ फिरू लागलो. पिशव्यांची ओल टिकली आणि थोड्याच दिवसांत तळहाताएवढ्या करड्या छत्र्यांचे झुबके फुटले. मुक्ताबाई ते शेजारी वाटू लागल्या, मग शेजारणी शिकायला येऊ लागल्या. 'भाग्यश्रीची आई' इमारतभर 'मुक्तामावशी' झाली. कौतुक तंबूचं होई, माझं नाव कुणी घेत नसे. पण आत हवा खेळते ती माझ्यामुळे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या कौतुकात मला पुसायचं मात्र राहून गेलं. पात्यांवर पांढऱ्या भुकटीचा थर चढला, मी घरघरू लागलो. त्यातच आनंद तंबूच्याच खोलीत टेबल मांडून घरून काम करू लागला. थंडीत खिडकी लावता यावी म्हणून त्याने माझा नळ आत ओढून घेतला. आता तंबूतली हवा मी खोलीतच सोडत होतो. छत्र्यांतून उडणारी बारीक भुकटी मुक्ताबाईंच्या छातीत गेली. खोकला थांबेना, बोलतानाही धाप लागू लागली. डॉक्टरांनी कारण ओळखलं, तेव्हा आनंद घाबरला आणि तंबू मोडायला निघाला.

"आनंदराव, तंबू नका मोडू जी," मुक्ताबाई म्हणाल्या. "इथं मला लोक ओळखतात, ते त्याच्यामुळं. तेवढा पंखा पुसून द्या."

आनंदने मला गॅलरीत नेऊन पातं न् पातं पुसलं, नळ पुन्हा खिडकीबाहेर घट्ट बसवला आणि आपलं टेबल दुसऱ्या खोलीत हलवलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मुक्ताबाई बऱ्या होईपर्यंत खुडणी भाग्यश्रीनेच केली, तीही मास्क लावून. खोकला ओसरला. मुक्ताबाई पुन्हा तंबूशी आल्या, आणि गावी जायचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही.

मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात माझे भाऊबंद फिरत असतील. आम्ही बंद पडलो तर लगेच कळतं. मळून फिरत राहिलो तर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मोठ्यांना सांगून वीज बंद करा, आम्हाला पुसून घ्या आणि आमची बाहेरची वाट मोकळी ठेवा. बाकीचं आम्ही बघून घेतो.