तुळशीदास घाडीचे पॉइंट

मरोळच्या चाळीत तुळशीदास घाडीला सगळे विमानवाले म्हणत. सहारच्या विमानतळावर एका परदेशी विमान कंपनीत तो लोडर होता. प्रवाशांच्या बॅगा विमानाच्या पोटात चढवायच्या आणि आलेल्या उतरवायच्या, हे त्याचं काम. स्वतः तो विमानात कधी बसला नव्हता. पण कंपनीची एक योजना होती. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्या कामगाराला पॉइंट मिळत आणि पुरेसे पॉइंट साठले की त्यावर विमानाचं तिकीट.

बाकीचे लोडर गणपतीला, शिमग्याला गावी पळत. तुळशीदास राही. सासू वारली तेव्हा त्यानं बायकोला, मथुराला, एकटीलाच देवगडच्या एसटीत बसवून दिलं आणि स्वतः ड्युटीवर गेला. "पॉइंट बुडतील," एवढंच तो म्हणाला. चाळीत मात्र तो अभिमानानं सांगे, "पॉइंट म्हणजे पैसेच रे. फक्त वाण्याला देता येत नाहीत, म्हणून टिकतात."

त्यांची एकुलती मुलगी अनुपमा लग्न होऊन मस्कतला गेली होती. जावई रामनाथ तिथं एसी दुरुस्तीच्या कामावर होता. सत्त्याऐंशी साली तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं ब्लडप्रेशर वाढायला लागलं आणि तिथल्या डॉक्टरनं विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. रामनाथचा फोन चाळीखालच्या वाण्याकडे आला.

"मामा, मामींना इकडे पाठवा. अनू फार घाबरलीय. व्हिसाचं मी बघतो, तिकीटही इथूनच पाठवतो."

तुळशीदास हसला. "जावयाच्या पैशानं सासू विमानात बसणार? रामनाथराव, माझ्या पॉइंटवर आम्ही दोघंही येतो. ते पैसे बाळासाठी ठेवा."

"नक्की ना मामा? तिला सांगू तसं?"

"सांगा. म्हणावं, बाप विमान कंपनीत आहे तुझा."

मे महिन्यात व्हिसा आला. त्याच दिवशी ड्युटी संपल्यावर तुळशीदास कंपनीच्या ऑफिसात गेला. कामगारांच्या रजा आणि पॉइंट चंद्रप्रकाश नावाचा क्लार्क बघत असे. त्यानं हिशेब केला आणि मान डोलावली.

"दोन तिकिटं बसतात. मस्कत, जाऊन येऊन. सगळे पॉइंट संपतील पण."

"संपू देत. येत्या सोमवारचं द्या."

चंद्रप्रकाशनं पेन खाली ठेवलं. "सोमवारचं असं देता येत नाही, तुळशीदास. हे जागा उरली तरचं तिकीट. पैसे भरलेले सगळे बसले आणि एखादी खुर्ची रिकामी राहिली, तर ती तुमची."

"आणि नाही राहिली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी यायचं."

तुळशीदास तिथंच उभा राहिला. एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

चंद्रप्रकाश वाईट माणूस नव्हता. आजूबाजूला बघून तो हळू आवाजात म्हणाला, "पोरांना सुट्ट्या लागल्यात. गल्फमधल्या सगळ्यांच्या बायकापोरं तिकडे निघालीत. या दिवसांत खुर्ची रिकामी राहत नाही. घाई असेल ना, तर विकत घ्या. मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं."

तुळशीदासनं तिकिटं घेतली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी आला. चंद्रप्रकाश काय बोलला ते त्यानं मथुराला सांगितलं नाही. रामनाथलाही फोन केला नाही.

मथुरानं डिंकाचे लाडू केले. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, बाळंतशोपा भाजून डब्यात भरल्या. सोमवारी चाळीतल्या बायकांनी तिच्या हातावर दही ठेवलं, पोरं रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत धावली. सहारच्या काउंटरवरच्या मुलीनं तिकिटं पाहिली आणि दोघांना बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं. दोघं बसली. रांग पुढे सरकत राहिली, मग संपली, मग दिवे बंद झाले. मुलगी येऊन म्हणाली, "सॉरी काका. आज फुल आहे."

"म्हणजे काय?" मथुरानं नवऱ्याला विचारलं.

"आज भरलंय विमान. उद्या मिळेल."

संध्याकाळी चाळीत शिरताना त्यानं सगळ्यांना सांगितलं, विमानात बिघाड झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी दही घेऊन कुणी आलं नाही. त्यानंतर दोघं मागच्या बोळातून जाऊ-येऊ लागली. रामनाथचा फोन आला की तुळशीदास म्हणे, "निघतोच आहोत. एवढ्यात पोचतो."

खरं तर काउंटरवर जायच्या आधीच त्याला कळत असे. बॅगांच्या ट्रॉल्या कशा रचल्यात, त्यावरून विमान किती भरलंय हे कुठलाही लोडर सांगू शकतो. तरी तो मथुराला बाकावर बसवी आणि शेजारी बसून काउंटरकडे बघत राही.

एका दुपारी मथुरानं त्या मुलीलाच गाठलं. "बाय, रोज कसा भरता गो विमान? आमचा तिकीट खोटा आसा काय?"

"खोटं नाही हो मावशी," मुलगी म्हणाली. "पण हे उरलेल्या जागेचं आहे. ऑफिसात सांगितलं असेल ना काकांना."

मथुरा बाकावर परत आली. बराच वेळ ती बॅगेच्या चेनवरून बोट फिरवत राहिली.

"तुमका ठावक होता?"

तुळशीदासनं मान डोलावली.

"मग जावयाक फोन करा. तिकीट पाठव म्हणा."

"आता कुठल्या तोंडानं सांगू त्यांना? आजचा दिवस बघू. उद्या तरी…"

"अनू थंय वाट बघता," मथुरा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. फोन त्यानं त्याही संध्याकाळी केला नाही.

फोन आला तो तिकडूनच, दोन दिवसांनी सकाळी. वाण्यानं वर हाक मारली. तुळशीदास बनियनवरच खाली गेला. अनुपमाला रात्री झटके आले होते आणि डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं. मुलगा झाला, पण रडला नाही. "अनू आहे," रामनाथ म्हणाला. "शुद्धीवर आहे. बोलत नाही कुणाशी." मग त्यानं विचारलं, "तुम्ही निघालात का, मामा?"

तुळशीदासनं वर येऊन मथुराला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली. चूल पेटली नाही. दुपार झाली तशी ती उठली, तोंड धुतलं, बॅग उचलली आणि रिक्षा बोलवा म्हणाली. या वेळी ती पुढच्या दारानं, सगळ्यांच्या समोरून गेली.

त्या दिवशी दिवे बंद व्हायच्या वेळी काउंटरवरची मुलगी धावत आली. "काका, एक आहे. एकच. पटकन सांगा, गेट बंद होतंय."

"तू जा," तुळशीदास म्हणाला.

"माका एकटीक नाय जमाचा. तुमी जावा."

"बाळंतीण आहे ती. मी जाऊन काय करणार?"

"आणि मी जावन काय करू आता?" मथुरानं विचारलं. मुलीनं तिचा दंड धरला. मथुरानं बॅग छातीशी घेतली आणि तिच्याबरोबर चालू लागली. काचेपलीकडे जाईपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

ती महिनाभर राहिली. येतानाही उरलेली जागा मिळेपर्यंत रामनाथला तिला दोनदा विमानतळावरून घरी न्यावं लागलं. परतली तेव्हा तुळशीदास विमानतळाच्या दारापाशी उभा होता. ती वाळली होती. रिक्षात बसल्यावर त्यानं विचारलं, "कशी आहे?"

"उठून बसता. रांधता थोडा."

"तुझ्याशी बोलली?"

"पयल्या आठवड्यात नाय. लाडू तोंडाकडे न्हेलंय तर हात ढकलल्यान. मगे एक दिवस आपणच खाल्ल्यान, आणि रडली." मथुरा बाहेर बघत होती. "हॉस्पिटलात सगळ्या नर्सांक तिना सांगून ठेवलेल्यान. माझे बाबा विमान कंपनीत आहेत, आईबाबा फुकट येतायत. त्यो रोज इचारीत तिका, इले काय म्हणान."

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली.

"माझं तिकीट आहे अजून," तुळशीदास म्हणाला. "वर्षभर चालतं. दिवाळीनंतर गर्दी कमी होते. मी जाऊन येतो. समजावतो तिला."

मथुरा म्हणाली, "निघताना तिना सांगितल्यान. बाबांक येव नको म्हणा."

"रागात असेल."

"राग नाय तो," मथुरा म्हणाली. "रागावली असती तर बरा झाला असता."

चाळीत बायका गोळा झाल्या होत्या. बाळाचं सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि दुसरं काय विचारावं तेही कुणाला सुचेना. शेवटी शेजारची रत्नप्रभा म्हणाली, "विमानात जेवण देतात म्हणे गं?"

"देतात," मथुरा म्हणाली. तुळशीदास बॅग घेऊन आत गेला होता. बाहेर ती थकलेल्या आवाजात सांगत होती की ताटाला कप्पे असतात, चमचा प्लास्टिकचा असतो, भात थोडासाच असतो, आणि खिडकीतून खाली पाहिलं तर नुसतं पाणी दिसतं, खूप वेळ.