माझ्या काचेवरचं चंदन

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. शाळेतला, कांद्याची साल बघणारा नव्हे. मदुराईच्या एका सरकारी रुग्णालयात मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर वाकून केसाएवढ्या रक्तवाहिन्या दोरीएवढ्या करून दाखवतो. माझी भिंगं घडवणाऱ्या कारागिरांनी त्यांना कधी उघडं बोट लावलं नाही. इथे आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे माझ्यावर ओले हातमोजे वाळू लागले.

एकदा एकांबरम नावाचा विणकर आला. पायांनी माग चालवणाऱ्या या माणसाचे पायच जड होत चालले होते. वर्षभर सगळ्या डॉक्टरांनी त्याला कमरेला पट्टा बांधायला लावला. खरा दोष क्वचितच आढळणारा. पाठीच्या कण्यात, एका मज्जातंतूच्या मुळाशी, धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. रक्त उलटं तुंबून मज्जारज्जू गुदमरत होता. ती एक शीर तोडायची, बस. पण भोवती फुगलेल्या शिरा हुबेहूब तिच्यासारख्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर तेन्मोळी त्याला म्हणाल्या होत्या, काठी धरून उभे राहताय तोवरच उरकू, नंतर उपयोग नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आयुधपूजा होती. त्या दिवशी इथे हत्यारं वापरत नाहीत, त्यांना गंध लावतात. विभागप्रमुख नाच्चियप्पन यांनी परदेशात शिकून आलेलं आपलं बोट चंदनात बुडवून माझ्या पुढच्या भिंगावर टेकवलं.

"सर, ती काच आहे. दांड्याला लावा ना," तेन्मोळी म्हणाल्या.

"अगं, कपाळ सोडून पाठीला गंध लावतात का कुणी?"

सगळे हसले. संध्याकाळी कुणीतरी खरखरीत पंच्याने ते खसाखसा पुसलं. सकाळी मला सुरू करून बघायची तसदी कुणी घेतली नाही.

एकांबरमची पाठ उघडल्यावर तेन्मोळींनी माझ्यातून पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला. ओरखड्यांमुळे नुसतं धुकं. अंदाजाने शीर तोडायला त्या तयार नव्हत्या. पाठ पुन्हा शिवली. नवं भिंग येईपर्यंत त्याचं उभं राहणं संपलं. मग शीर अगदी नेमकी तुटली. पाय परतले नाहीत.

नाच्चियप्पन एकांबरमच्या बायकोला, वळ्ळीअम्माळला म्हणाले, देवाची इच्छा. तेन्मोळींनी तिला सारं खरं सांगून टाकलं होतं.

"देवाला कशाला मध्ये घालता, अय्या?" ती म्हणाली. "बोट तुमचं होतं."

मित्रांनो, मला तुमचा नमस्कार नको. मऊ, कोरडं कापड द्या, काम झाल्यावर झाकून ठेवा आणि कुणाच्या शरीरावर वाकवण्याआधी एकदा माझ्यातून बघून घ्या. एवढंही जमत नसेल, तर खुशाल भंगारात घाला. तिथे निदान माझ्या भरवशावर कुणी पाठ उघडी टाकून झोपणार नाही.