ब्रिदरमधला बोळा

भीमसिंगची जीप बावीस वर्षांची होती, पण तिच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढलेला त्याला खपत नसे. गेल्या पंधरा दिवसांत मात्र तिनंच त्याला मान खाली घालायला लावली. ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर उडायची, इंजिनाच्या सांध्यासांध्यातून ऑइल पाझरायचं. आर्णीच्या एका मिस्त्रीनं हात न लावताच सांगून टाकलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. मुलगा सुनील म्हणाला, "बा, आता भंगारात देऊन टाकू." आणि नुसतं बोलून थांबला नाही, शनिवारी दुपारी ट्रक घेऊन या म्हणून भंगारवाल्याला फोनही करून मोकळा झाला.

भीमसिंग काही गाडी द्यायला तयार नव्हता. शनिवारी सकाळीच तो सत्यशीलाला तांड्यावर घेऊन आला. ही उकंडा मिस्त्रीची लेक. बाप थकल्यापासून गॅरेज तीच चालवते, आणि हात लावल्याशिवाय निदान करत नाही अशी तिची ख्याती.

जीप अंगणात उभी होती. अंगण ताजं सारवलेलं. दारात भीमसिंगची बायको हंसाबाई हाताची घडी घालून उभी, आणि कुंपणापलीकडून शेजारचा नेमसिंग मान लांब करून बघत होता. सत्यशीलानं इंजिन सुरू करायला लावलं, ऑइल टाकायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधली. पिशवी क्षणात पुरीसारखी टम्म फुगली.

"पाहून राह्यले ना काका? पिस्टनच्या बाजूनं थोडी हवा खाली निसटतच असते. तिले बाहेर जाले ब्रिदरचा पाइप असते. आता एक तं रिंगा गेल्या, म्हणून हवा लय येऊन राह्यली. नाही तं पाइप बंद आहे. पह्यले पाइप पाहू."

पाइप बंदच होता, आणि तो भीमसिंगनंच बंद केला होता.

झालं होतं असं, की त्या पाइपातून अधूनमधून ऑइलचा थेंब गळायचा. अंगणात एक जरी डाग दिसला तरी गाडी तांड्याबाहेर उभी करायची, असं हंसाबाईनं तीन आठवड्यांपूर्वी बजावलं. भीमसिंगनं घरच्याच कापसाचा बोळा केला, खुंटीवरची एक चिंधी त्याला गुंडाळली, पाइपात कोंबला आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. थेंब थांबला. जे मिस्त्र्यांना जमलं नाही ते आपण केलं, म्हणून हा गडी आठवडाभर मिशीवर ताव देत फिरला.

पण ती चिंधी नव्हती. लेकीसाठी, वर्षासाठी, हंसाबाईनं आरसे लावून काढलेली भरतकामाची पट्टी होती ती. भीमसिंगला हे कळेपर्यंत हंसाबाईनं पट्टी खाल्ल्याचा आळ नेमसिंगच्या बकरीवर घातला होता आणि त्याची बायको विमलताई हिच्याशी बोलणं टाकलं होतं. भीमसिंगनंही मान डोलावून, त्या बकरीची नजरच चोरटी आहे, अशी साक्ष दिली होती.

"पाइप कायले पाह्यतं ताई," तो आता घाईघाईनं म्हणाला, "रिंगाच गेल्या असतील."

पंधरा दिवस रिंगा शाबूत आहेत म्हणून शपथा घेणारा बाप असं का बोलतो, हे बाजूला उभ्या सुनीलला कळेना. सत्यशीलानं मात्र एकदा भीमसिंगकडे पाहिलं, एकदा हंसाबाईकडे, आणि इंजिन बंद केलं. "मंग तुमीच खाली जाऊन पाहा काका. तुमाले गाडी जास्त मालूम."

भीमसिंग जीपखाली सरकला. बोळा आहे तसाच ठेवून बाहेर आलं, की इज्जत शाबूत आणि गाडी दुपारी ट्रकवर. त्यानं वर पाहिलं. या गाडीनं त्याची लग्नाची वरात नेली नव्हती की काही नाही, जुनीच घेतलेली, तरी तिला सोडायच्या कल्पनेनं त्याला रडू येऊ लागलं. त्यानं ट्यूबची पट्टी सोडली. बोळा गुपचूप खिशात घालावा म्हणून ओढायला गेला, तर तो फुगून घट्ट बसलेला.

वर सत्यशीलानं झाकण लावल्याचा आवाज आला. "काका, बाजूले सरका अन् बाहेर या." तो बाहेर आला तशी तिनं इंजिन सुरू करून ॲक्सिलेटर दाबला.

फट्ट आवाज झाला. बोळा सुटला आणि सारवलेल्या अंगणावरून घसरत थेट हंसाबाईच्या पायाशी जाऊन थांबला. काळ्या ऑइलात तीन आरसे चमकत होते.

सत्यशीलानं पुन्हा पिशवी बांधली. ती जेमतेम हलली. "रिंगा ठीक आहेत. तिले श्वास घेऊ द्या. थेंब दोन थेंब तं गळनारच." सुनीलनं भंगारवाल्याला ट्रक नको म्हणून सांगायला मोबाइल काढला.

हंसाबाईनं बोळा दोन बोटांत उचलला. "तीन हप्ते म्या विमलताईच्या घरी पाय नाही ठेवला."

"म्याच केलं," भीमसिंग म्हणाला. "मले गाडी अंगणात पाह्यजे होती."

ती आत गेली आणि माती भरलेलं घमेलं आणून तिनं पाइपाखाली ठेवलं. "गाडी राहू द्या. पन पह्यले त्या बकरीपाशी जा."

भीमसिंग पाल्याची पेंढी घेऊन सगळ्यांदेखत कुंपणापलीकडे गेला. नेमसिंगनं बकरी पुढे केली. तिनं पाला संपवला आणि भीमसिंगच्या खांद्यावरच्या नव्या दुपट्ट्याचं टोक चघळायला घेतलं. भीमसिंगला ते सोडवून घ्यायची हिंमत झाली नाही.